घरी बांधलेल्या विमानातला विजेचा बिघाड: पार्ट मागवण्याआधी जोड मोजा

इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही, म्हणून नवा अल्टरनेटर येतो. तरी फरक पडत नाही, मग व्होल्टेज सांभाळणारा नवा रेग्युलेटर येतो, त्यापाठोपाठ नवी बॅटरी. शेवटी दोष सापडतो तो फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्यावरच्या, एका सैल नटाखाली. घरी विमान बांधणाऱ्यांच्या हँगरमध्ये हे इतक्या वेळा घडतं की या लेखात माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी मोजा, मग उघडा, आणि बदलायचं ते अगदी शेवटी.

मराठी वाचकाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर उभं केलेलं सहा आसनी विमान आठवतं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी ते पाहिलं. पण हा छंद खरा रुजला अमेरिकेत. तिथे ‘एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट’ असा वेगळा वर्ग आहे, विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केलेलं असावं लागतं, आणि मुख्य बांधणाऱ्याला रिपेअरमन प्रमाणपत्र मिळालं की त्या विमानाची वार्षिक तपासणी तो स्वतः करू शकतो. म्हणजे बिघाड शोधायचं कामही त्याच्याकडेच येतं. पुढचं विवेचन व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतलं ॲल्युमिनियमचं दोन आसनी विमान समोर ठेवून केलं आहे: लायकमिंग इंजिन, १२ व्होल्टची एक बॅटरी, एक अल्टरनेटर. रोटॅक्स इंजिनाचं वेगळं आहे तेवढं त्या जागी सांगेन.

कारखान्यात बनलेल्या विमानात एकच वायरिंग हजारो वेळा झालेलं असतं, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा जुनी झालेली वस्तू बिघडते. घरच्या विमानात शेकडो क्रिम्प (तारेच्या टोकावर दाबून बसवलेले जोड) एकाच माणसाने, काही वर्षांत, नोकरी सांभाळून संध्याकाळी मारलेले असतात. काही पहिल्या महिन्यातले, हात बसायच्या आधीचे. म्हणून इथे संशयाचा क्रम उलटा धरायचा: आधी जोड, मग स्विच आणि ब्रेकर, मग तार, आणि अल्टरनेटर किंवा रेग्युलेटर सगळ्यांत शेवटी.

सुरुवात करण्याआधी

इंजिनाच्या स्पार्क प्लगला वीज देणारा मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही. मास्टर स्विच बंद असला, बॅटरी काढून बाकावर ठेवली असली, तरी मॅग्नेटो ठिणगी देऊ शकतो. मॅग्नेटोचा स्विच त्याची पी-लीड नावाची तार ग्राउंडला जोडून त्याला गप्प करतो. ती तार तुटली असेल तर स्विच ‘ऑफ’ दाखवत असतानाही इंजिन जिवंत असतं. त्यामुळे प्रॉपेलर नेहमी फिरू शकतो असंच समजून वावरा. चाकांना ठोकळे लावा, शेपूट बांधा. इंजिन चालू असताना घ्यायचं प्रत्येक मोजमाप कॉकपिटमध्ये बसूनच घ्या: लांब तारा आधीच क्लिपने जोडा, नीट बांधा, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) बसवा आणि मगच इंजिन सुरू करा. चालत्या इंजिनाजवळ प्रोब हातात धरून उभं राहणं कुठल्याही बिघाडासाठी मान्य नाही.

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हवर पाना असताना तो विमानाच्या धातूला टेकला, तर निगेटिव्ह सुटलेली असल्यामुळे काही होत नाही. अंगठी आणि धातूचा पट्टा काढून ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत. बरा मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, पाच-सहा मीटर लांबीची क्लिप लावलेली तार, आणि गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब, दोन तारा जोडलेला. हा बल्ब पावणेदोन ॲम्पिअर ओढतो, आणि पुढे दिसेल की महागड्या मीटरला जमत नाही ते काही वेळा तोच करतो. शिवाय वायरिंगचा नकाशा हवा, कागदावर ठरवलेला नव्हे तर प्रत्यक्षात जोडलेला. तो नसेल तर निदान बॅटरी, काँटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा रिले), अल्टरनेटर, रेग्युलेटर आणि मुख्य बस (जिथून सगळ्या सर्किटांना वीज वाटली जाते ती पट्टी) एवढा भाग तरी विमानाशी ताडून काढून घ्या. त्यात गेलेली संध्याकाळ पुढे वसूल होते.

लक्षात ठेवायचे आकडे

लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत राहिली की पूर्ण चार्ज असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंत ॲसिड शोषलेली बंद बॅटरी, थोडी जास्त. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना बसवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. १५ च्या पुढे गेलं तर उड्डाण नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीला हे आकडे लावू नका. ती निवांत १३.३ च्या आसपास असते, आणि १२.८ दिसलं तर ती बरीचशी संपलेली असते. तिच्या आतलं नियंत्रण सर्किट गरज पडल्यास बॅटरी तोडतं, तेव्हा बाहेर अचानक शून्याजवळचा आकडा दिसतो आणि बॅटरी मेली असा गैरसमज होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं मोजमाप. लोड नसताना घेतलेलं व्होल्टेज फसवतं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप अर्धा बुजलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्ण असतो, नळ उघडल्यावरच धार बारीक होते. गंजलेल्या जोडाचं तसंच आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून तो सैल जोडापलीकडेही सुखाने १२.६ दाखवतो. मीटरवर कंटिन्युइटीची पिपाणी वाजली म्हणजे तार ठीक, हा निष्कर्षही असाच फसवा: दहातला एकच धागा शिल्लक असलेली तारही पिपाणी वाजवते.

म्हणून लोड चालू ठेवा आणि मीटर जोडाच्या दोन्ही बाजूंना लावा. एक प्रोब बॅटरीच्या पोस्टवर (लगवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नव्हे, थेट शिशाच्या पोस्टवर), दुसरा लोडच्या टर्मिनलवर. जे व्होल्टेज दिसेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेचं एसी ४३.१३-१बी हे पत्रक १४ व्होल्टच्या (म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या) यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी ०.५ व्होल्ट आणि थोडा वेळ चालणाऱ्यासाठी १ व्होल्ट एवढी घट चालवून घेतं. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मी तो जोड उघडतोच. हेच मोजमाप निगेटिव्ह बाजूलाही करायचं: उपकरणाचं ग्राउंड टर्मिनल ते बॅटरीची निगेटिव्ह पोस्ट. अर्धे बिघाड या बाजूला असतात आणि तिकडे कुणी मीटर लावत नाही.

स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो

स्टार्टर २०० ॲम्पिअर सहज ओढतो. त्या वाटेत ओहमच्या हजाराव्या भागाचा पाचपट, म्हणजे ०.००५ ओहम, अडथळा असला की १ व्होल्ट गेला. कुठलाही साधा मीटर एवढा ओहम मोजू शकत नाही, पण व्होल्ट मात्र छान मोजतो.

मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) कट-ऑफवर, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, कॉकपिटमध्ये जबाबदार माणूस, प्रॉपेलरजवळ कुणी नाही. मीटर लांब तारांनी जोडून तीन-चार सेकंद स्टार्टर मारा. पहिल्यांदा बॅटरीच्या दोन पोस्टमध्ये. इथेच आकडा ९ च्या खाली गेला तर दोष बॅटरीत किंवा अडकलेल्या स्टार्टरमध्ये. चांगल्या चार्ज केलेल्या दुसऱ्या बॅटरीने लगेच कळेल कशात. पोस्टवर १० आहेत आणि स्टार्टरच्या टर्मिनलवर ७, तर तीन व्होल्ट वाटेत गेले. आता वाटेचे तुकडे करा: पोस्ट ते लग, लग ते मास्टर काँटॅक्टर, काँटॅक्टरच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये, तिथून स्टार्टर काँटॅक्टर, त्याच्या दोन बोल्टांमध्ये, तिथून स्टार्टर. ज्या तुकड्यात आकडा उडी मारतो तिथे दोष. शेवटचा तुकडा विसरू नका: इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपर्यंत.

या शेवटच्या तुकड्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. इंजिन रबराच्या माउंटवर बसवलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून सुटं आहे. दोघांना जोडणारी विणलेली तांब्याची जाड पट्टी हाच करंटचा परतीचा रस्ता. ती विसरली गेली, तुटली किंवा रंगाच्या थरावर बसवली, तर करंट थांबत नाही. तो थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबलींमधून परत येतो. त्या केबली तापतात, धूर सोडतात, आतून अडकतात. स्टार्ट करताना थ्रॉटलची केबल कोमट लागली, तर बाकी सगळं सोडून ही पट्टी आधी पाहा.

दोन काँटॅक्टर बाहेरून सारखे दिसतात पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मास्टरचा सतत चालण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याची कॉइल एखादा ॲम्पिअरच ओढते. स्टार्टरचा काही सेकंदांसाठी असतो. तो मास्टरच्या जागी लावला तर काही वेळात जळतो. दोन्हींच्या कॉइलवर डायोड असावा. तो नसेल तर कॉइल बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका स्विचचे संपर्क हळूहळू खातो. उलटा बसवला असेल तर मात्र तो सरळ शॉर्ट होतो.

चार्ज होत नाही

बहुतेकांचा वेळ आणि पैसा इथेच जातो, म्हणून सावकाश जाऊ. आधी एक सक्त मनाई: अल्टरनेटर चालतोय का हे पाहायला चालत्या इंजिनावर मास्टर बंद करून बॅटरी तोडू नका. जुन्या गाड्यांत मेकॅनिक असं करत. बॅटरीचा आधार सुटला की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि पॅनेलवरची महागडी उपकरणं ते झेलतात.

बाहेरचा रेग्युलेटर असलेल्या यंत्रणेत सगळा तपास एका टर्मिनलपाशी फुटतो: अल्टरनेटरचं फील्ड टर्मिनल, जिथून रोटरच्या कॉइलला चुंबक करणारा करंट आत जातो. इंजिन बंद, मास्टर चालू, अल्टरनेटरचा स्विच चालू. रेग्युलेटरला बसवर १४ पेक्षा कमी दिसतं, म्हणून तो पूर्ण जोर लावतो आणि फील्डवर बॅटरीपेक्षा थोडंसंच कमी व्होल्टेज यायला हवं. ते आलं तर रेग्युलेटर, स्विच, ब्रेकर आणि तार यांनी काम केलं; दोष अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या जाड आउटपुट तारेकडे. नाही आलं तर अल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही. मागे मागे जा: रेग्युलेटरचं आउटपुट, रेग्युलेटरचं इनपुट, स्विच, फील्डचा ब्रेकर. व्होल्टेज जिथे पुन्हा दिसेल, त्याच्या अलीकडच्या जोडात दोष आहे.

फील्डवर व्होल्टेज आहे, पण कॉइलमधून करंट जातोय का? लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. रोटर चुंबक झाला असेल तर ओढ स्पष्ट जाणवते. ओढ नसेल तर ब्रश झिजलेत किंवा कॉइल तुटली. तार सुटी करून फील्ड टर्मिनलपासून ग्राउंडपर्यंत ३ ते ५ ओहमच्या आसपास मिळायला हवेत. ओढ आहे तरी चार्ज नाही, तर आउटपुटची जाड तार, तिचा फ्यूज आणि करंट मोजण्यासाठी बसवलेल्या शंटचे नट तपासा. ज्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो तिथे फील्डची तार केवळ चालू-बंदचा इशारा असतो. त्या प्लगमध्ये बॅटरीएवढं व्होल्टेज आहे, आउटपुटची वाट धड आहे आणि ग्राउंड चांगलं आहे, एवढं सिद्ध झालं की मगच अल्टरनेटर काढा.

फील्डचा ५ ॲम्पिअरचा ब्रेकर उडत असेल तर तो कधी उडतो ते पाहा. इंजिन बंद असताना स्विच टाकताच उडाला तर फील्डची तार कुठेतरी घासून ग्राउंड झाली आहे. उड्डाणात उडत असेल तर कदाचित ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण काम करतंय. क्रोबार पद्धतीचं सर्किट साधारण १६ व्होल्टच्या पुढे गेलं की मुद्दाम फील्डचा शॉर्ट करून हा ब्रेकर उडवतं. आजकालच्या ईएफआयएस (इलेक्ट्रॉनिक उपकरण) पडद्यांत व्होल्टेजची नोंद राहते. ती उतरवून घ्या. ब्रेकर उडण्याआधी आकडा चढलेला दिसला तर रेग्युलेटर किंवा त्याचं ग्राउंड दोषी. १४.२ वर शांत असताना उडाला तर संरक्षण सर्किट किंवा ब्रेकरच तपासा.

आणि नाचणारा अँमीटर. सुई डावी-उजवीकडे झुलते, दिवे किंचित लुकलुकतात, बसवर १४.८ वगैरे दिसतं. लोक लगेच रेग्युलेटर बदलतात. पण अनेक यंत्रणांत रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो ते त्याच तारेवर, जिच्यातून फील्डचा करंट जातो. त्या वाटेत ०.२ ओहमचा अडथळा आला की ३ ॲम्पिअरला ०.६ व्होल्ट घट होते. रेग्युलेटरला वाटतं बस उपाशी आहे, तो फील्ड वाढवतो, घट आणखी वाढते, मग मागे येतो, पुन्हा जातो. इंजिन बंद ठेवून, दोन्ही स्विच चालू करून, बस ते रेग्युलेटरचं इनपुट यांत घट मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त निघाली तर ब्रेकरची टर्मिनलं साफ करा आणि अल्टरनेटरचा स्विच बदला. बऱ्याचदा एवढ्यावर सुई स्थिर होते.

रोटॅक्स ९१२ मध्ये फील्ड नसतं, कायम चुंबकाचा जनरेटर असतो. तो कमाल २५० वॉट देतो, म्हणजे फार तर १८ ॲम्पिअर. आधी लोडची बेरीज करा. तीच जास्त असेल तर बिघाड नाहीच. मग रेग्युलेटरच्या ‘सी’ टर्मिनलवर बसचं व्होल्टेज येतंय का पाहा, ते नसेल तर तो चार्जच करत नाही. पिवळ्या तारांचा प्लग तपकिरी पडलाय का पाहा. रेग्युलेटरचं अंग ८० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. फायरवॉलवर वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात तो बसवला असेल तर नवा आणूनही तो तसाच मरेल.

ब्रेकर उडतो, फ्यूज जातो

फ्यूजवर फ्यूज जाळू नका. फ्यूजच्या जागी तो २१ वॉटचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि तार सुरक्षित राहते, कारण बल्ब करंट अडवून धरतो. आता त्या सर्किटवरची उपकरणं एकेक काढा. जे काढताच बल्ब मंद झाला किंवा विझला, दोष तिकडे. सगळी काढूनही पेटलेला राहिला तर तार घासली आहे. सहकाऱ्याला बल्बकडे बघायला सांगा आणि तारांचे जुडगे हलवत चला: फायरवॉलचं भोक, पंखाचं मूळ, स्टिकचा खालचा भाग, फ्लॅपची यंत्रणा, शेपटीतली ट्रिमची तार. बल्ब लुकलुकला तिथे थांबा.

मोठा ब्रेकर किंवा फ्यूज बसवणं हा उपाय नव्हे. २२ गेजच्या तारेला ५, २० ला साडेसात, १८ ला १० ॲम्पिअर हा रूढ हिशेब तार वाचवण्यासाठी आहे.

हेडफोनमध्ये शिट्टी

इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर. त्याचा स्विच क्षणभर बंद करा. शिट्टी थांबली तर खात्री. मीटर एसीवर ठेवून बसवर मोजा: अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त लहर दिसली तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलाय. लहर कमी आणि शिट्टी आहे, तर ग्राउंड तपासा. हेडसेटचे जॅक इन्सुलेटेड वॉशर घालून पॅनेलपासून अलग असावेत, आणि त्यांचं ग्राउंड ऑडिओ पॅनेल किंवा रेडिओपाशीच जावं. जॅक पॅनेलच्या धातूला टेकला की दुसऱ्या उपकरणांचा करंट तुमच्या कानातून परत जातो. अल्टरनेटर बंद करूनही टकटक राहिली तर पी-लीडचं शील्ड पाहा.

कधी होतो, कधी नाही

अशा बिघाडात नोंदी हाच आधार. कुठल्या उपकरणाच्या वेळी होतो: पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), स्ट्रोब, रेडिओचं प्रक्षेपण? गरम इंजिनावर की थंड? नोंदीत एकाच वेळी तीन उपकरणं गेलेली दिसली, तर नकाशात त्या तिघांचा सामाईक जोड शोधा. बहुतेक वेळा ते ग्राउंड असतं. मग त्या जोडाचा प्रत्येक क्रिम्प हाताने ओढून पाहा. लाल लग २२ ते १६ गेजसाठी, निळा १६-१४, पिवळा १२-१०. जाड लगमध्ये बारीक तार घातलेली असेल तर ती दिसायला पक्की असते आणि ओढली की सरकते. अनेक पिनांच्या डी-सब कनेक्टरमधली पिन पूर्ण आत बसून अडकली आहे का, तेही प्रत्येक पिनला हलका ओढा देऊनच कळतं. ॲल्युमिनियमवर बसवलेलं ग्राउंड असेल तर लग काढा, खालचा रंग आणि पांढरी भुकटी घासून काढा, पुन्हा आवळा. ग्लासएअर किंवा लाँग-ईझीसारख्या काँपोझिट विमानात अंग वीज वाहत नाही, तिथे प्रत्येक ग्राउंड तारेनेच परत येतो आणि ती प्रत्येक तार या यादीत धरा.

बॅटरी हँगरमध्ये उभी राहून उतरत असेल तर निगेटिव्हमध्ये मीटर मालिकेत लावून सगळं बंद असताना करंट मोजा. ५० मिलिॲम्पिअर क्षुल्लक वाटतो, पण १६ ॲम्पिअर-तासांची नवी बॅटरी तो तेरा दिवसांत रिकामी करतो.

हवेत असताना

हवेत बिघाड शोधायचा नसतो. ब्रेकर उडाला तर विमान चालवायला तो अत्यावश्यक असेल तरच एकदा परत दाबा, दुसऱ्यांदा नाही. जळका वास आला तर एकदाही नाही, मास्टर बंद. मॅग्नेटोवरचं इंजिन चालत राहतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा विमानाच्या विजेवर असेल तर मास्टर बंद केल्यावर काय चालू राहतं हे जमिनीवर, इंजिन चालू ठेवून पण अल्टरनेटरचा स्विच आधी बंद करून, आधीच पाहिलेलं असलं पाहिजे. अल्टरनेटर गेला तर त्याचा स्विच बंद, लोड कमी, जवळचा विमानतळ. १६ ॲम्पिअर-तासांवर ८ ॲम्पिअरचा लोड कागदावर दोन तास चालतो. वापरलेल्या बॅटरीत त्याच्या निम्मा वेळही गृहीत धरू नका.

दुरुस्तीनंतर दिवे, पिटो हीट, रेडिओ सगळं एकदम चालू करून १७०० आरपीएमला बसचं व्होल्टेज पाहा, ब्रेकर पॅनेलच्या मागे हात फिरवून काही तापतंय का बघा. प्रत्येक मोठ्या जोडावरची घट लॉगबुकात लिहून ठेवा, पुढच्या वार्षिक तपासणीत तुलनेला तेच आकडे लागतील. पहिलं उड्डाण दिवसा, विमानतळाच्या वरच्या घिरट्यांत, आणि चार्ज केलेला हातातला रेडिओ हाताशी ठेवून.